खोली पसंत पडल्याबाबत

हैदराबाद दक्खन,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८६७

तीर्थस्वरूप शरणप्पामामा यांच्या चरणी भाचा मल्लिनाथ याची हैदराबादेहून शरणार्थी.

वाशीची सगळी मंडळी सुखात असतील अशी उमेद धरून हे पत्र लिहीत आहे. महानंदामामींच्या गुडघ्याला एरंडाच्या पानांचा शेक मानवला की नाही ते जरूर कळवावं. मानवला नसेल तर इथं एक हकीम सांगतात, पण ते गुडघ्यासाठी आलेल्या माणसाला आधी जीभ दाखवायला लावतात, तेव्हा मामींना ते पटेल असं वाटत नाही. तिकडं पाऊस बरा असल्याचं ऐकलं. माझी प्रकृती ठीक आहे. आरंभी इथलं पाणी बाधलं, आता आमची दोघांची ओळख झाली आहे.

आपण विचारलं की, "राहण्याच्या जागेचा काय घोटाळा केलास ते सविस्तर लिही." यावरून महालिंगप्पांचं पत्र आपल्याला पोचलं हे समजलं. त्यांनी माझ्याविषयी जे लिहिलं असेल ते बहुतेक खरं आहे. फक्त त्यांना सगळ्या गोष्टी मागून कळल्या, म्हणून क्रम उलटा लागला असेल. मी सुरुवातीपासून लिहितो.

अप्पांची अट आपल्यासमोरच ठरली होती, पण मामी पत्र ऐकतील म्हणून पुन्हा सांगतो. मॅट्रिक झाल्यावर मी हैदराबादला शिकायला जावं हे अप्पांना मान्य होतं, आणि मान्य नव्हतंही. विद्यापीठात नाव घालावं, पण श्रावणातल्या पंचमीपर्यंत राहायची नीट जागा झाली पाहिजे. नीट म्हणजे घरंदाज शेजार, शाकाहारी जेवण आणि पूजेला कोपरा. न झाल्यास सर्व्हिस मोटारीत बसून उमरग्याला परत यायचं आणि आडत दुकानाच्या गादीवर बसायचं. (अप्पांनी गादीची नवी खोळ शिवून ठेवली होती. अव्वा म्हणाली, जुनी फाटली होती म्हणून शिवली. पण जुनी मी पाहिली होती, ती चांगली होती.)

पहिला अर्ज मी आपल्या लिंगायत समाजाच्या एका मोफत बोर्डिंगात केला. तिथं जागा चांगली, विहीर आवारातच, आणि पूजा झाल्याखेरीज ताट मिळत नाही, म्हणजे अप्पांच्या सगळ्या अटी एका छपराखाली होत्या. चालकांनी शरणांची वचनं म्हणायला लावली, ती मी म्हटली. मग त्यांनी वडिलांचं शिफारसपत्र मागितलं. ते अप्पांनी स्वतः लिहून, लाख लावून, बंद करून दिलं होतं, त्यामुळं मी वाचलेलं नव्हतं. चालक ते वाचू लागले आणि वाचता वाचता माझ्या पायातल्या वहाणांकडं पाहू लागले. बोर्डिंग गरीब विद्यार्थ्यांसाठी होतं. अप्पांनी लिहिलं होतं की उमरग्याच्या पेठेत आमच्याइतकं मोठं दुकान नाही, मोटारींचा माल आमच्या दारातच उतरतो, मुलाला कशाची ददात नाही, घरी दुभत्या म्हशी आहेत, तेव्हा मुलगा आपल्या संस्थेला शोभेल. चालकांनी पत्राची घडी घातली आणि अत्यंत आदरानं सांगितलं की, अशा गृहस्थांचा मुलगा ठेवून घेण्यापेक्षा त्यांच्याकडून देणगी घेणं संस्थेला अधिक शोभेल. त्यांनी देणगीची पावती फाडायलाही घेतली होती. मी तिथून निघालो तो थेट आपण सांगितलेल्या पत्त्यावर, महालिंगप्पांकडं.

महालिंगप्पा हा माणूस मनानं मोठा, हे आपण म्हणाला होता ते अगदी बरोबर. अबकारी खात्यातून निवृत्त, एकटा जीव, घर मोठं. मला त्यांनी जिन्याखालची खोली दिली. (तिथं उभं राहता येत नसे, पण अभ्यास बसूनच करायचा असतो असं त्यांचं म्हणणं.) जेवण शुद्ध, देव्हारा मोठा. अप्पांना मी लगोलग पत्र टाकलं की जागा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी महालिंगप्पांनी मला दौत, टाक आणि कोरे कागद दिले. मला वाटलं अभ्यासाला दिले. तर ते म्हणाले, लिही.

शेजारच्या भीमाशंकरांच्या घराची मोरी महालिंगप्पांच्या दारासमोरून वाहते. या मोरीबद्दल त्यांची नगरपालिकेकडं तक्रार चालू होती. महालिंगप्पांचं उर्दू बोलायला फर्डं, पण हात कापत असल्यानं लिहिता येईना, आणि पूर्वीचा लेखनिक मुन्शी कंटाळून निजामाबादेस निघून गेला होता. (त्याचं कारण मला तेव्हा ठाऊक असतं तर मीही त्याच मार्गानं गेलो असतो.) रोज सकाळी ते तोंडानं सांगत आणि मी उर्दूत दरख्वास्त लिही. "फिदवी (म्हणजे आपला सेवक) अर्ज करतो की," इथून सुरुवात होऊन मोरीतलं पाणी, त्याचा रंग, त्याचा वास, त्यातून वाहत आलेली भेंड्यांची देठं, असं करत करत शेवटी "सबब, मोरी तात्काळ बंद करण्याचा हुकूम व्हावा" इथं आम्ही पोचत असू. माझं उर्दू सुधारत चाललं, हे मी कृतज्ञतेनं नमूद करतो.

आता भीमाशंकर. हा सुद्धा सालस माणूस. मला जाता-येता पाहत होता. एके दिवशी संध्याकाळी त्यानं मला हाक मारली, माडीवर नेलं, आणि वरची खोली दाखवली. मामा, ती खोली आपण पाहायला हवी होती. दोन्हीकडं खिडक्या, उभं राहिलं तरी डोक्याला छत लागत नाही, आणि खालून त्याच्या बायकोच्या, गंगम्माच्या, स्वयंपाकाचा वास येतो. त्या दिवशी गव्हाची गोड हुग्गी होती. तो म्हणाला, "खोली मोकळीच हाय. विद्यार्थ्याला देऊ म्हणून ठिवली. तेवढं एक उत्तर लिहून द्या. त्यो म्हातारा रोज अर्ज टाकतोय, आन मला उर्दू येत न्हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण हुग्गी वाढून झाली होती. आणि उकाड्यात जिन्याखाली वाकून बसलेल्या माणसाला दोन खिडक्या दाखवल्या तर त्याचा न्याय कुठं झुकतो, हे आपण जाणताच. असं ठरलं की उत्तरं लिहून प्रकरण मिटलं की मी त्या खोलीत जायचं. त्यानंतर मी सकाळी जिन्याखाली बसून मोरी किती घाण आहे ते लिही आणि संध्याकाळी माडीवर बसून ती किती स्वच्छ आहे ते लिही. दोन्हीकडं मी मन लावून लिहिलं. सकाळचा मुद्दा बिनतोड झाला की संध्याकाळी तो तोडायला मला अवघड जाई, आणि संध्याकाळचं उत्तर इतकं पटे की सकाळी महालिंगप्पांचा राग मला खोटा वाटू लागे. प्रकरण मिटण्याऐवजी वाढलं.

शेवटी नगरपालिकेचा एक दरोगा मोरीची पाहणी करायला आला. दोन्ही शेजारी दारात उभे. त्यानं बगलेतून कागदांचे दोन गठ्ठे काढले, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं, आणि म्हणाला, "मोरीचं राहू द्या. ह्या दोन्ही दरख्वास्ती एकाच हातच्या कशा? 'बदबू' हा शब्द दोन्हीकडं सारखाच चुकलाय." महालिंगप्पांनी माझ्याकडं पाहिलं. भीमाशंकरानंही माझ्याकडं पाहिलं. मी मोरीकडं पाहिलं. (त्या दिवशी ती खरोखर स्वच्छ होती.)

पुढचं फार लिहीत नाही. माझी वळकटी जिन्याखालून बाहेर आली आणि माडीवर गेली नाही. एक चांगलं झालं की दोघे शेजारी त्या दिवशी पहिल्यांदा एका ओट्यावर बसून बोलले. विषय मी होतो. गंगम्मानं दोघांना चहा दिला, मला गूळ-शेंगा पदरात घालून निरोप दिला. मोरीवर फरशी घालायचं त्यांचं आता ठरलं आहे.

पंचमी जवळ आली होती. धर्मशाळेत वळकटी टाकून मी विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या कचेरीत गेलो. तिथली अर्जाची मुदत कधीच सरली होती. कारकुनानं सांगितलं, मोहतमिम साहेबांच्या, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुखांच्या नावानं खास दरख्वास्त द्या, त्यांच्या मर्जीवर आहे. आता दरख्वास्त लिहिणं हे माझ्या हातचं काम झालं होतं. तिथंच बाकावर बसून एका बैठकीत लिहिली, परत वाचली नाही, आणि दिली.

दुपारी मला आत बोलावणं आलं. मोहतमिम साहेब वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझा कागद समोर धरला आणि गंभीरपणे विचारलं, "कोणती मोरी?"

मला काही कळेना. त्यांनी शेवट वाचून दाखवला. फिदवी उमरगा तालुक्यातला विद्यार्थी आहे, शिक्षणाची फार आस आहे, राहायला ठिकाण नाही, असं सगळं व्यवस्थित लिहून शेवटी माझ्या हातानं सवयीनं लिहिलं होतं: "सबब, मोरी तात्काळ बंद करण्याचा हुकूम व्हावा."

मी खरं ते सगळं सांगितलं. दुसरं सुचतच नव्हतं. जिन्याखालची खोली, माडीवरची खोली, सकाळ, संध्याकाळ, दरोगा. साहेब पहिल्यांदा ऐकत होते, मग त्यांनी चष्मा काढला, मग रुमाल काढला. शेवटी म्हणाले की, दोन्ही बाजूंनी इतकं लिहिणारा मुलगा पुढंमागं वकील होईल, त्याला धर्मशाळेत ठेवणं बरं नव्हे. एक मुलगा हिवतापानं घरी परत गेला होता, त्याची खाट मला दिली. "मोरीचा हुकूम मात्र माझ्या अखत्यारात नाही," असंही त्यांनी सांगितलं.

खोलीत सोबती निघाला दस्तगीर, आपल्याच बेंबळीचा. आम्ही दोघांनी एकमेकांशी अर्धा दिवस शुद्ध उर्दू बोलून काढला, आणि मग त्याच्या हातून कंदिलाची काच पडली तेव्हा तो म्हणाला, "आयला, फुटली की ओ." तेव्हापासून आम्ही मराठी बोलतो. जेवणाचे भटारखाने दोन आहेत. शाकाहारी भटारखान्यात आचारी आपल्यातलाच, जंगम. पूजेसाठी खिडकीचा कोनाडा दस्तगीरनं मला आपण होऊन मोकळा करून दिला, त्याच्या पुस्तकांसाठी मी माझ्या खाटेखालची जागा दिली.

आता अप्पा. महालिंगप्पांचं एक पत्र वाशीला आलं तसं एक उमरग्यालाही गेलं होतं. श्रावणातल्या एका सोमवारी अप्पा मोटारीतून उतरून, विचारत विचारत, खांद्यावर पडशी टाकून थेट वसतिगृहावर आले. मला घेऊन जायलाच आले होते. परतीच्या मोटारीच्या दोन जागा त्यांनी उतरतानाच सांगून ठेवल्या होत्या. मी तेव्हा तासाला होतो. खोलीत दस्तगीर एकटा. नंतर त्यानं मला सगळं सांगितलं ते असं.

अप्पा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "उमरग्याचा मल्लिनाथ हितंच राहतो का?"

"व्हय, या की. बसा. लांबनं आल्यावानी दिसता."

"तुमी कुठले?"

"बेंबळीचा."

"बेंबळीत कुनाचे?"

दस्तगीरनं घराण्याचं नाव सांगितलं. अप्पांनी पडशी खाली ठेवली. त्याच्या आजोबांची ज्वारी आमच्या दुकानी येत असे, आणि एकदा पोतं भिजलं तर म्हाताऱ्यानं न सांगता बदलून दिलं होतं, हे अप्पा आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. दस्तगीरनं त्यांना माझ्या खाटेवर बसवलं. पाणी द्यायचं तर स्वतः न देता त्यानं आचाऱ्याला हाक मारून त्याच्या हातचं आणवलं. अप्पांनी ते पाहिलं.

मी आलो तेव्हा अप्पा खाटेवर मांडी घालून बसले होते आणि बेंबळीच्या पाटलाच्या बैलांविषयी बोलणं चाललं होतं. मला पाहून त्यांनी विचारलं, "मोरी कसली रं?" मी पुन्हा सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. भिंती पाहिल्या, कोनाडा पाहिला, भटारखान्यात जाऊन तुरीची डाळ मुठीत घेऊन पाहिली. मग खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. समोर मुलं पुस्तकं घेऊन जात-येत होती. शेवटी म्हणाले, "जागा बरी हाय. ऱ्हा."

एवढ्यावर माझं शिक्षण ठरलं, मामा. मी खाली वाकून नमस्कार केला. आपल्या आशीर्वादानं सगळं सुरळीत झालं आहे आणि आता काळजीचं काही कारण उरलेलं नाही. महालिंगप्पांना मी माफीचं पत्र लिहिलं आहे. (उर्दूत. 'बदबू' शब्द त्यात आणलेला नाही.) मामींना नमस्कार, मुलांना गोड पापे.

आपला आज्ञाधारक
मल्लिनाथ

ता. क. — वर काळजीचं कारण नाही असं लिहिलं, ते जागेपुरतं खरं आहे. अप्पांना खोली पसंत पडली हेही खरं. पण ती इतकी पसंत पडली आहे की ते अजून गेलेले नाहीत. श्रावणात आले, आता भाद्रपद सरत आला. परतीच्या जागा त्यांनी त्याच दिवशी जाऊन रद्द केल्या. ते माझ्या खाटेवर निजतात, मी चटईवर. पहाटे ते पूजेला उठतात आणि दस्तगीर नमाजाला, त्यामुळं त्या दोघांचं फार जमलं आहे, मी मात्र दोघांच्या मध्ये झोपेत सापडतो. (हल्ली पाण्यासाठी आचाऱ्याला हाक मारावी लागत नाही. हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये.) भटारखान्यात डाळ आली की आचारी आधी अप्पांना बोलावतो. तवारिखीच्या, म्हणजे इतिहासाच्या तासाला ते वर्गाबाहेर व्हरांड्यात खिडकीखाली बसतात आणि संध्याकाळी मला समोर बसवून आज काय झालं ते पहिल्यापासून विचारतात. एक सन चुकला तर पुन्हा सांगायला लावतात. अशी परीक्षा माझी शाळेतही कुणी घेतली नव्हती. परवा मोहतमिम साहेबांनी मला थांबवून विचारलं, "आपले वडील कोणत्या वर्गात आहेत?" ते हसून म्हणाले, पण पुन्हा विचारतील तेव्हा हसतील असं नाही. खोली जाण्याची मला धास्ती वाटते.

ता. क. दुसरा — खरं म्हणजे हे पत्र यासाठीच लिहिलं. आपण अप्पांना असं काही कळवावं की ते उठून निघतील. दुकानाचं निमित्त नको. ते मी करून पाहिलं. अव्वाला लिहिलं तर तिनं दिवाणजीकडून उत्तर धाडलं की दुकान छान चाललं आहे, गिऱ्हाईक वाढलं आहे, गादीवर ती स्वतः बसते, नवी खोळ चांगली आहे, आणि ह्यांना हवापालट मानवत असेल तर घाई करू नये. तेव्हा आपणच काही आजार, लग्न किंवा भांडण काढावं. अप्पांना मी लिहिलं असं कळू देऊ नये. पत्र दस्तगीरच्या हाती टपालात टाकायला देत आहे.

चि. शरणप्पास दाजी वीरप्पाचा आशीर्वाद. दस्तगीर टपालात चालला व्हता, त्याच्या हातनं पाकीट म्या घेतलं, म्हनलं मीच टाकतो. वाचलं. पोरगं लिहितं बरं. मोरीचं समदं खरं हाय, म्या महालिंगप्पाकडं जाऊन बघून आलो, फरशी चांगली बसवली. तू आजार, लग्न काय काढू नगंस. तुला ठावं न्हाय, तू तवा लहान व्हतास. माजी चौथी झाल्यावर मास्तरनी माज्या वडलांना सांगितलं व्हतं, ह्याला गुलबर्ग्याला धाडा. वडील जाऊन आले. म्हनले, ऱ्हायला जागा मिळाली न्हाय. म्या दुकानावर बसलो ते बसलोच. हितं आलो त्या दिवशी खिडकीत हुबा ऱ्हायलो आन वाटलं, चार दिस बसून बघावं आत काय सांगतात ते. बाहीर नीट ऐकू येत न्हाय, म्हनून संध्याकाळी पोराला इचारतो. त्याला वाटतंय म्या त्याची परीक्षा घेतो. वाटू दे, त्यानं अभ्यास पक्का व्हतो. मोहतमिम सायबांना म्या भेटलोय. ते म्हनले, बसा. तवा खोलीची धास्ती न्हाय, पर हे त्याला कळवू नगंस. सध्या विजापूरची बादशाही चाललीया. विजापूर पडलं की म्या निघतो. मास्तर लई सावकाश शिकवतात, त्याला माजा इलाज न्हाय.